प्रवासापुरती डच

जगात डच भाषा बोलणारी माणसं पुष्कळ असतील, पण त्या भाषेत फक्त येणं, जाणं, चढणं, उतरणं आणि उशीर होणं एवढंच बोलू शकणारा आणि एवढ्यावर माणसाचं सगळं भागतं अशी पक्की खात्री असणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या हिचा सख्खा काका आहे. त्या भाषेत त्यांना भूक लागत नाही, तहान लागत नाही, डोकं दुखत नाही. पाणी मागायची वेळ आली तर ते मराठीत मागतात. पण गाडी कुठल्या फलाटावरून सुटते, परतीचं तिकीट मिळेल का आणि सायकल बोटीत चढवता येते का, हे तीन प्रश्न ते झोपेतून उठवलं तरी विचारू शकतात. आमच्या सासरी, दिघीला, ना फलाट आहे ना गाडी, ही गोष्ट त्यांच्या मते गौण आहे.

काका म्हणजे दिघीच्या धक्क्यावरचे जुने सारंग. समोर खाडी, खाडीपलीकडे आगरदांडा, आणि या दोन धक्क्यांच्या मध्ये ये-जा करणाऱ्या लाकडी लाँचचं सुकाणू त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या हाती फारसं दिलं नाही. आता गाड्या नेणारी मोठी फेरीबोट आहे, पण काका तिला बोट मानत नाहीत. तो तरंगता रस्ता आहे म्हणतात. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी लाँच पुतण्याला, म्हणजे माझ्या मेव्हण्याला सोपवली. सोपवली म्हणजे काय, तर मेव्हणा सुकाणू धरतो आणि काका धक्क्यावर उभे राहून ते कसं धरायचं हे सांगतात. सकाळी आंघोळ, पांढरा सदरा, खाकी हाफपँट, डोळ्यांवर काळा चष्मा असा त्यांचा थाट असतो आणि पहिली लाँच सुटण्याआधी ते हजर नसले तर बायकांना वाटतं, काकांना बरं नाही की काय.

दोरी सोडण्याआधी ते एकच प्रश्न तीन वेळा विचारतात. एकदा लाँचमधल्या माणसांना, एकदा धक्क्याला आणि एकदा वरच्या उताराच्या रस्त्याला. "कोन ऱ्हायलाय काय?" रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी विचारतात. आणि खरंच कुणी राहिलेला असला आणि त्याने लांबून नुसता हात वर केला, तर लाँच थांबते. सुटलेली असली तरी मागे फिरते. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरी आलो होतो तेव्हा परत जाताना टपरीवर पान लावून घेत होतो. लाँच निम्म्या खाडीत गेलेली पाहून मी सवयीने हात वर केला, आणि अख्खी लाँच मला न्यायला परत आली. कुणी एक अक्षर बोललं नाही. उलट एका म्हाताऱ्याने सरकून मला जागा दिली. आपण फार मोठे जावई आहोत अशी माझी त्या दिवशी समजूत झाली होती. पुढे कळलं, काका एकदा कुणाच्या तरी चष्म्यासाठीही असेच फिरले होते.

या रिवाजाचा एक परिणाम असा, की आमच्या धक्क्यावर निरोप देताना हात हलवत नाहीत. हात वर गेला की लाँच मागे येते, हे पोरासोरांनाही ठाऊक. लेक सासरी निघाली तर आई दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून उभी राहते, बाप हात पाठीशी बांधतो आणि रडायचं ते नुसत्या डोळ्यांनी रडतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, किती कोरडे लोक आहेत. एकदा पुण्याकडच्या दोघी बहिणी आल्या होत्या. एक लाँचमध्ये, एक धक्क्यावर. धक्क्यावरचीने प्रेमभराने हात हलवला. लाँच मागे आली. काय विसरलं ते विचारून, काही नाही कळल्यावर परत गेली. तिने पुन्हा हलवला. लाँच पुन्हा आली. त्यानंतर काकांनी त्या बाईंना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्या माउलीने पुढे घरच्या खिडकीतूनसुद्धा कुणाला हात केला नसेल.

तर असा हा खाडीच्या दोन काठांत मावणारा माणूस डच भाषेकडे वळला त्याला कारण त्यांची नात. काकांची एकुलती लेक नवी मुंबईत शिकली, तिथेच नोकरीला लागली आणि कंपनीने हॉलंडला पाठवली ती तिकडचीच झाली. नवरा तिकडचा, उंचच्या उंच आणि गरीब स्वभावाचा. त्यांची मुलगी मीरा. काकू गेल्यापासून काका घरात एकटे, आणि दर रविवारी ते धक्क्यावर येऊन, कारण मोबाईलची रेंज तिथेच नीट मिळते, लेकीशी व्हिडिओवर बोलत. मीरा समोर आली की विचारत, "जेवलीस काय गो?" मीरा आईकडे बघे. घरात, शाळेत, अंगणात सगळीकडे डच, तिला मराठी येणार कुठून? एका रविवारी मीरा आईच्या कानात काहीतरी कुजबुजली. काकांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा लेकीने चाचरत सांगितलं, "बाबा, ती विचारतेय, आजोबांना अजून बोलायला येत नाही का?"

मी शेजारीच उभा होतो. काका हसले, लेकीला म्हणाले बरोबर विचारतेय पोर, आणि मोबाईल माझ्या हातात देऊन उताराने घरी चालू लागले. दुसऱ्या दिवशी ते बोर्ली पंचतनला माझ्या मेडिकलच्या दुकानात आले. हातात एक फुगलेलं पुस्तक. लेकीने लग्नाआधी इंग्रजीतून डच शिकायला आणलं होतं आणि माहेरीच टाकलं होतं. मागे वादळात घराची कौलं उडाली तेव्हा ते भिजलं. पुढची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती, मागची वाळवीने नेली होती. मधला एक धडा तेवढा वाचता येत होता, तो प्रवास आणि वाहनांचा. मी म्हटलं, काका, नवं पुस्तक मागवून देतो. तर म्हणाले, "आदी हातातला हाय ता संपू द्या जावयबापू." ते नववीपर्यंत शिकलेले, इंग्रजीशी त्यांचं फारसं सख्य नाही, म्हणून इंग्रजीचं मराठी मी करायचं आणि डच त्यांनी पाठ करायचं, अशी आमची शाळा औषधांच्या कपाटाआड सुरू झाली. लेकीला कळू द्यायचं नव्हतं. नातीला एकदम चकित करायचं होतं.

त्या धड्याने काका पहिल्या दिवशीच खूष झाले, कारण ते लोक वाक्यात आधी कधी ते सांगतात, मग कशाने आणि मग कुठे. उद्या, बोटीने, आगरदांड्याला. काका म्हणाले, अरे, हे तर आपल्यातलेच. तेव्हापासून धक्क्यावर कुणाला सरळ उत्तर देण्याची सोय राहिली नाही. मासळी विकणारी एक मावशी रोज टोपली घेऊन पलीकडे जाते. ती आपली साधेपणाने म्हणाली, मुरूडला चाललेय सकाळच्याला. काकांनी तिला टोपली डोक्यावर असताना उभं केलं आणि वाक्य नीट लावून घेतलं. मावशी म्हणाली, माझी कोलंबी मरतेय इथे. काका म्हणाले, ती मेलेलीच आहे, तू वाक्य सांग. दुसरी गोष्ट त्यांना आवडली ती अशी, की ते लोक बोटीने जात नाहीत, बोटीबरोबर जातात. बसबरोबर, गाडीबरोबर. सायकल तेवढी वेगळी, तिच्यावर जातात. काका औषधाच्या बाटल्यांकडे बघत म्हणाले, आपण बोटीनं म्हणतो म्हणजे बोट आपली गडी झाली. बरोबर म्हटलं की कशी सोबत वाटते. हे शिकवताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, हे मी कबूल करतो.

पण त्यांच्या खास मर्जीतला नियम पुढेच होता. त्या भाषेत सायकलवरून तुम्ही ठरलेल्या ठिकाणी पोचलात तर एक साहाय्यक क्रियापद लागतं आणि नुसतेच हिंडलात तर दुसरं. काकांनी हा नियम सगळ्या गावाला लावला. संध्याकाळी कुणी घरी परतला की ते धक्क्यावरून विचारत, पोचलास का हिंडलास? म्हसळ्याला कचेरीत जाऊन काम न होता परतलेला माणूस हिंडलेला. दर पंचवार्षिकाला मत मागायला येणारे सगळे हिंडलेले. माझा मेव्हणा लग्न जमवायला तळा गावी गेला आणि नकार घेऊन आला, त्यालाही त्यांनी हिंडलेल्यांतच टाकलं. बिचारा चार दिवस सुकाणू हातात असूनही त्यांच्याकडे पाठ करून उभा राहत होता.

उच्चाराचा प्रश्न मोठा होता. त्या भाषेत घशाच्या तळातून एक खरखरीत ख काढावा लागतो. काका तो खाडीकडे तोंड करून काढत. लोकांना वाटे कफ झालाय. दोघातिघांनी माझ्याकडून खोकल्याच्या गोळ्या नेऊन त्यांना दिल्या, त्यामुळे भाषेचा माझ्या धंद्याला थोडा फायदाच झाला. खरे उच्चार ऐकायला मिळावेत म्हणून मी त्यांना मोबाईलवर तिकडच्या रेल्वे स्टेशनांवरच्या घोषणा शोधून दिल्या, आणि ही माझी चूक झाली. काका डच बोलायला लागले ते थेट लाउडस्पीकरच्या आवाजात. आधी 'टिंग टाँग' म्हणायचं, मग क्षणभर थांबायचं, मग सपाट सुरात वाक्य. साधं 'मी बोटीबरोबर आलो' म्हणायचं तरी वाटे, आता फलाट बदलणार. त्यातला 'फरत्राखिंग' हा शब्द, म्हणजे उशीर, त्यांना इतका पसंत पडला की अंगात कणकण असली तरी ते आज फरत्राखिंग आहे म्हणत. हळूहळू तो शब्द धक्क्यावर रुळला. आता भात शिजायला वेळ लागला तरी आमच्या सासरी फरत्राखिंगच होते.

मग एका रविवारी त्यांनी तो प्रयोग केला. मीरा पडद्यावर आली. काकांनी चष्मा काढला, टिंग टाँग म्हटलं, आणि उट्रेख्तची गाडी पाचव्या फलाटावरून सुटते आहे अशी घोषणा केली. मीराने दचकून मागे वळून पाहिलं आणि ती पळून गेली. लेक हसून हसून बेजार झाली. काका मला म्हणाले, "गाडी पकडाया पळाली आसल." पण पुढचे कितीतरी रविवार मीरा मोबाईलसमोर यायला तयार होईना, आणि काका टिंग टाँग न करता नुसतेच बसून राहत. आता ती मंडळी नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदाच येणार होती. समोरासमोर आल्यावरही पोर बोललीच नाही तर काय करायचं, या एका काळजीने त्यांनी तो धडा मागून पुढे पाठ केला. त्याचा उपयोग होईल याची मला खात्री नव्हती.

आणि झालं तेच. आगरदांड्याच्या धक्क्यावर काकांनी पांढऱ्या सदऱ्यात उभं राहून "वेलकोम आन बोर्ट", म्हणजे बोटीवर स्वागत, असं म्हटलं. जावई आनंदाने वाकला, लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मीरा बापाच्या पायांमागे गेली ती घर येईपर्यंत बाहेर आली नाही. हातात एक कापडी ससा, त्याचा कान तोंडात. पुढचे काही दिवस असेच. काका ओट्यावरून विचारत, बस वेळेवर आहे का? मीरा सशाकडे बघे. काका जेवेनात. आमची ही त्यांना म्हणाली, काका, पोर आहे, रुळेल. ते म्हणाले, "रुळंल गो. पन तवर जायाचा दिस येल."

एके दिवशी सगळे पलीकडे मुरूडचा बाजार बघायला गेलो आणि दुपारच्या लाँचने परत निघालो. मीरा पेंगत होती. काकांनी रिवाजाप्रमाणे तीन वेळा विचारलं, आणि पाहुण्यांसाठी चौथ्यांदा डचमध्ये, सगळे बोटीवर आहेत ना? कुणी काही म्हणालं नाही. लाँच निघाली. निम्म्या खाडीत मीराने डोळे उघडले, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि काकांचा सदरा ओढून म्हणाली, "ने." म्हणजे नाही. काकांचा प्रश्न तोवर शिळा झाला होता, पण त्याचं उत्तर आता आलं होतं.

त्यापुढे ती पुष्कळ बोलली. काकांना त्यातलं काही कळलं नाही, कारण ससा काही वाहन नव्हे. लेक मागच्या बाकावर होती. तिला हाक मारायच्या ऐवजी काका वाकले आणि आपल्या धड्यात जे होतं ते विचारू लागले. बोटीवर? ने. बसमध्ये? ने. मग त्यांना आठवलं. "ऑप हेट पेरॉन?" म्हणजे फलाटावर? मीराने डोळे पुसत होकाराची मान हलवली. "या. ऑप हेट पेरॉन." काकांनी हात वर केला. मेव्हण्याने एक शब्द न विचारता लाँच वळवली.

जावई घाबराघुबरा झाला. एका खेळण्यासाठी एवढ्या लोकांना उशीर नको, आपण पुढच्या लाँचने जाऊन आणू, असं तो बायकोला सांगत होता. लेकीने ते मराठीत सगळ्यांना सांगितलं. लाँचमध्ये बाजारकरी होते, सुकी मासळी विकून परतणाऱ्या बायका होत्या, दोन शिक्षक होते. ती कोलंबीवाली मावशी टोपलीवर बसली होती. ती म्हणाली, "ससा आसला म्हनून काय झाला? ऱ्हायलाय ना? मंग त्याला आनाया नको?" लेकीने याचं भाषांतर केलं. जावई मावशीकडे बघतच राहिला. काकांनी त्याच्या दंडावर थोपटून धीर दिला, "फरत्राखिंग." तेव्हा तो जो हसायला लागला तो आगरदांडा येईपर्यंत हसत होता. ससा धक्क्यावरच्या बाकावर तसाच बसलेला होता, एक कुत्रं त्याला हुंगत होतं, आणि त्याला घ्यायला काका आणि मीरा हातात हात घालून उतरले.

त्यानंतर मीराचं तोंड बंद म्हणून झालं नाही. ती आजोबांशी तासन्‌तास बोले. काका तिच्या बोलण्यात वाहनाची वाट पाहत बसत आणि एखादी बस किंवा सायकल आली की जोराने मान डोलावत. ओट्यावरचा झोपाळा ही आगगाडी झाली. मीरा तिकीटवाली. "एन्केले रैस ऑफ रेतूर?" म्हणजे जाण्याचं की जाऊन येण्याचं, हे सांगितल्याशिवाय कुणाला स्वयंपाकघरातही जाता येईना. आमची ही तर भाकरी तव्यावर टाकून तिकीट काढायला ओट्यावर यायची. काका दर वेळी रेतूरच मागत, नुसतं जाण्याचं तिकीट त्यांनी एकदाही घेतलं नाही. मीरा मात्र त्यांच्याकडून एकच वाक्य शिकली, पण ते असं, की माजघरातून ऐकणाऱ्याला कळू नये आजोबा बोलले की नात.

जायचा दिवस उजाडला. सामान लाँचमध्ये गेलं. लेकीला धक्क्याचा रिवाज ठाऊकच होता, जावयाला मी समजावला. तो म्हणाला, मग निरोप कसा देतात? मी म्हटलं, देत नाहीत, उभे राहतात. मीरा सशाला काखेत धरून मेव्हण्याशेजारी उभी राहिली. दोरी सोडण्याआधी तिने एकदा लाँचला, एकदा धक्क्याला आणि एकदा उताराच्या रस्त्याला विचारलं, "कोन ऱ्हायलाय काय?" सगळी लाँच खदखदून हसली. काका हसले नाहीत. त्यांनी हात पाठीशी बांधले होते.

लाँच निघाली. नांगरलेल्या होड्या ओलांडून ती मोकळ्या पाण्यात गेली आणि मी सहज शेजारी पाहिलं तर काकांचा उजवा हात वर गेलेला. हलत होता. लाँचचा आवाज बदलला. मेव्हण्याने तिला वळवलं आणि सगळे उतारू उभे राहून काय राहिलंय ते धक्क्यावर शोधू लागले. मला वाटलं आता काका ओशाळणार. लाँच धक्क्याला लागली तसा मेव्हणा म्हणाला, "काका, काय ऱ्हायला?"

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "काय न्हाय रे. मीच ऱ्हायलो व्हतो."

आणि तसेच, हाफपँटीवर, पायांत चपला नाहीत अशा अवस्थेत ते लाँचमध्ये चढले. मावशीने टोपली सरकवून जागा केली. मीरा समोर येऊन उभी राहिली आणि तिने कडक आवाजात तिकीट विचारलं. काका बाकावर टेकले. मग "रेतूर" म्हणाले, तिच्या हातातून नसलेलं तिकीट घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात नीट ठेवलं.

ते संध्याकाळच्या लाँचने परत आले. त्या दिवशी मी दुकान उघडलंच नव्हतं, त्यांच्या चपला घेऊन धक्क्यावर बसून होतो. उतरल्यावर त्यांनी चपला घातल्या, गाडीत बसवून दिलं म्हणाले, आणि उताराने घरी चालू लागले. त्यांचं आता नवं पुस्तक चालू आहे. त्यात पहिलाच धडा खाण्यापिण्याचा आहे आणि तो त्यांना अगदी नीरस वाटतो. एक गोष्ट मात्र बदलली. धक्क्यावर एखाद्या पाहुण्याने न कळून निरोपाला हात हलवला, तर काका आता ओरडत नाहीत. मेव्हणा सुकाणूवरून कुरकुरतो, काका, तो नुसता हात करतोय. काका म्हणतात, "तू फिरव रं. कोनतरी ऱ्हायलेला आसल."